ठाकुर्लीचा रफार

ठाण्याहून सुटलेली धीमी लोकल कल्याणपर्यंत सात स्टेशनं घेते: कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. रेल्वे या वाटेवर १८५४ साली आली, ठाण्यापर्यंत पहिली गाडी धावली त्याच्या पुढच्याच वर्षी. आज ही सात नावं स्टेशनांवरच्या पाट्यांइतकीच फोनच्या पडद्यावरही वाचली जातात.

एकाच बाकावर बसलेल्या तिघांचे फोन पाहा. एकाच्या हातात सात-आठ हजारांचा अँड्रॉइड, दुसऱ्याच्या हातात आयफोन, तिसऱ्याच्या खिशात बटणांचा जिओफोन. तिन्हींच्या पोटातली ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, ती बनवणारी माणसं वेगळी, त्यांचे व्यवसाय वेगळे. तरीही तिन्हींवर 'ठाकुर्ली' हा शब्द आला की रफार बरोबर 'ली'च्या डोक्यावर जाऊन बसतो. तो तिथे कोण बसवतं? हा एवढासा प्रश्न धरून आत शिरलं, तर मोबाइल सॉफ्टवेअरच्या जगाची बरीचशी रचना उलगडते. त्यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट आधीच सांगतो: मराठी अक्षरं जुळवणारा यातला फार मोठा भाग कुणाच्याही कुलपात नाही. कोणीही उघडावा, वाचावा, बदलावा, आपल्या यंत्रात घालावा, अशा अटीवर तो जगापुढे ठेवलेला आहे.

सुरुवात दिव्यापासून करू. फोनला अक्षरं ठाऊक नसतात, आकडे ठाऊक असतात. जगातल्या लिप्यांना आकडे वाटून देणाऱ्या युनिकोड या मानकात देवनागरीच्या वाट्याला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा आल्या आहेत. त्यात 'दिवा' हा शब्द असा साठवला जातो: २३४२, २३६७, २३५७, २३६६. म्हणजे द, वेलांटी, व, काना. इथे थांबून नीट पाहा. साठवताना द आधी आणि वेलांटी नंतर. आपण लिहितो ते उलटं. हात आधी वेलांटी काढतो आणि मग द. पण बोलताना द आधी येतो आणि इकार मागून. युनिकोडने देवनागरीसाठी हाताचा क्रम घेतला नाही, जिभेचा घेतला.

ही कल्पना इथलीच. भारतीय लिप्यांसाठी १९८८ साली बनलेल्या इस्की या मानकातून ती युनिकोडमध्ये गेली, आणि इस्कीच्या प्रसाराशी पुण्याच्या सी-डॅकमधल्या जिस्ट गटाचं नाव जोडलेलं आहे. भारतीय लिप्यांचं ध्वनिशास्त्र एकच, मग त्यांची मांडणीही एकसारखी असावी, असा तो विचार. त्याचा पुरावा आजही हाती लागतो. 'दिवा'च्या चारही आकड्यांत ३८४ मिळवा. येणारे चार आकडे गुजराती लिपीतलं 'दिवा' देतात, द च्या जागी द, वेलांटीच्या जागी वेलांटी. कुठलाही शब्दकोश नाही, नुसती बेरीज.

जिभेचा क्रम घेतल्याने शब्द शोधणं आणि अकारविल्हे लावणं सोपं झालं, पण पडद्यावर चितारण्याचं काम अवघड झालं. कुणीतरी मध्ये उभं राहून हे आकडे वाचायचे, कुठली खूण कुणाच्या आधी, वर किंवा पायात जाईल ते ठरवायचं आणि फाँटमधून नेमका आकार उचलायचा. जुन्या छापखान्यात कंपोझिटर केसमधून खिळे उचलून जोडाक्षरं जुळवायचा, तेच हे काम. आज ते करणाऱ्या ओपन सोर्स प्रोग्रॅमचं नाव आहे हार्फबझ. तो मुख्यतः बेहदाद एस्फहबोद या इराणी-कॅनेडियन प्रोग्रॅमरने घडवला आणि जगभरच्या अनेकांनी त्यात भर घातली. अँड्रॉइडमध्ये तो आहे, क्रोममध्ये आहे, फायरफॉक्समध्ये आहे, लिब्रऑफिसमध्ये आहे. ज्या माणसाची मातृभाषा उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, त्याच्या हातून आपली वेलांटी जागेवर बसते, हे मला फार हृद्य वाटतं.

भारतीय लिप्यांसाठी हार्फबझमध्ये स्वतंत्र भाग आहे. तो शब्दाचे आधी अक्षरावयव पाडतो. मुंब्रा म्हणजे 'मुं' आणि 'ब्रा'. कल्याण म्हणजे 'क', 'ल्या', 'ण'. डोंबिवली म्हणजे 'डों', 'बि', 'व', 'ली'. एकेका अवयवात मुख्य व्यंजन कोणतं ते ओळखतो आणि त्याच्याभोवती बाकीच्या खुणा लावतो.

आता मुंब्रा आणि ठाकुर्ली शेजारी ठेवा. दोन्हींत र आहे आणि दोन्हींत पाय मोडण्याची खूण, म्हणजे हलन्त, आहे. मुंब्र्यात ब नंतर आधी हलन्त येतो, मग र. जुळवणारा तो र उचलतो आणि ब च्या पायात तिरकी रेघ करून टाकतो. ठाकुर्लीत आधी र आणि मग हलन्त, त्यानंतर ल आणि दुसरी वेलांटी. इथे र चं काय करायचं? तो अवयवाच्या सुरुवातीला आहे, त्याचा पाय मोडलेला आहे आणि पुढे दुसरं व्यंजन आहे. म्हणजे हा रफार. मग तो ल ला ओलांडतो, वेलांटीलाही ओलांडतो आणि सगळ्यांच्या शेवटी जाऊन डोक्यावर बसतो. तीच दोन चिन्हं आहेत. क्रम बदलला की एकदा र पायात उतरतो, एकदा आकाशात जातो. पहिली-दुसरीतल्या मुलाला हे शिकवताना शिक्षकांचा घाम निघतो. इथे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात ते होतं.

हे आपल्या डोळ्यांनी पाहता येतं. अँड्रॉइड फोनवर ठाकुर्ली टाइप करा आणि एकेक करून खोडत जा. पहिल्या दाबाला वेलांटी जाते आणि रफार ल वर सरकतो. दुसऱ्या दाबाला ल जातो, आणि रफाराला बसायला डोकंच उरत नाही. तो खाली उतरून पाय मोडका 'र्' होतो. तिसऱ्या दाबाला हलन्त जातो, 'ठाकुर' उरतं. असे आठ दाब लागतात, कारण आत आठ आकडे आहेत. प्रत्येक दाबाला तो अदृश्य कंपोझिटर उरलेला शब्द पुन्हा पहिल्यापासून जुळवतो.

हा कंपोझिटर त्या बाकावरच्या तीन फोनांत पोचला कसा, याची गोष्ट तिघांची तीन तऱ्हेची आहे.

अँड्रॉइडची सर्वांत सरळ. त्याच्या तळाशी लिनक्सचा कर्नल आहे, लिनस टोर्वाल्ड्सने १९९१ मध्ये विद्यार्थीदशेत सुरू केलेला. त्यावर गूगलने उभारलेल्या अँड्रॉइडचा कोड ऑक्टोबर २००८ मध्ये खुला झाला. परवाना इतका सैल, की कोणीही तो घ्यावा, बदलावा, त्यावर फोन बनवून विकावा. म्हणून तर स्वस्त फोन बनवणाऱ्या कंपन्यांना ऑपरेटिंग सिस्टीमवर पैसा आणि वर्षं घालावी लागली नाहीत. लिपीच्या बाबतीत मात्र सुरुवातीचे अँड्रॉइड फोन निराश करत. मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत, किंवा वेलांट्या भलतीकडे लोंबत. हळूहळू देवनागरीची जुळणी आली, आणि २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये खुद्द फोनची भाषा म्हणून मराठी निवडता येऊ लागली.

कोड खुला असल्याचा फायदा मुंबईतही घेतला गेला. आयआयटी मुंबईतून शिकून बाहेर पडलेले राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि त्यांचे सहकारी यांनी अँड्रॉइडच्या पायावर भारतीय भाषांसाठी इंडस ओएस बांधली. २०१५ साली मायक्रोमॅक्सच्या एका फोनवर ती आली. इंग्रजीत आलेला निरोप बोटाने सरकवला की आपल्या भाषेत वाचता यावा, ॲप घेण्यासाठी ईमेल खात्याची सक्ती नसावी, असे तिच्यामागचे विचार होते. पुढे तिचा मोहरा ॲप स्टोअरकडे वळला आणि २०२२ मध्ये फोनपेने ती कंपनी घेतली. दुकानाचं नाव इंडस अजून टिकून आहे.

खुलेपणाला सीमाही आहेत, त्या सांगायला हव्यात. तुमच्या फोनवरचा गूगलचा नकाशा, प्ले स्टोअर, त्यामागच्या सेवा खुल्या नाहीत. टॉवरशी बोलणाऱ्या मोडेमच्या चिपवरचा प्रोग्रॅमही बंद पेटीतच असतो. पण खालचा पाया खुला असल्याने कंपनीने अपडेट देणं बंद केलेले जुने फोनही जगू शकतात. लिनिएजओएस नावाचा स्वयंसेवकांचा प्रकल्प तेच करतो. २०१६ च्या शेवटी सायनोजेनमॉड हा आधीचा तसाच प्रकल्प बंद पडला, तेव्हा त्याच्याच कोडमधून काही दिवसांत हा उभा राहिला. इंजिनीअरिंग कॉलेजांतली मुलं फोनचं बूटलोडर उघडून 'कस्टम रॉम' टाकत बसतात, तेव्हा घरच्यांना तो रिकामा उद्योग वाटतो. मला ते ऑपरेटिंग सिस्टीम शिकण्याचं सर्वांत उत्तम प्रात्यक्षिक वाटतं. टेबलावर मेलेला फोन पडलेला असतो आणि तो आपल्याच हाताने उठवायचा असतो!

जिओफोनची गोष्ट मात्र कादंबरीसारखी आहे. १९९८ साली नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला. त्यातून मोझिला उभी राहिली, फायरफॉक्स आला, आणि पानं चितारणारं त्याचं इंजिन गेको. २०११ मध्ये मोझिलाच्या काही मंडळींनी जाहीर केलं, की फोनला वेगळी ॲप्स हवीतच कशाला. फोन सुरू झाला की थेट ब्राउझरचं इंजिनच सुरू होऊ दे, आणि कॉल घेण्यापासून कॅल्क्युलेटरपर्यंत सगळं वेबपानांसारखं लिहू दे. यातून फायरफॉक्स ओएस आली. तिचे तीन थर होते. तळाला गोंक: लिनक्सचा कर्नल आणि अँड्रॉइडकडूनच घेतलेले हार्डवेअरशी बोलणारे भाग. मध्ये गेको. वर गाया, म्हणजे डोळ्यांना दिसणारा फोन. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने ती भारतात १,९९९ रुपयांच्या फोनवर आणली. त्या फोनची रॅम होती अवघी १२८ एमबी. प्रयोग धाडसाचा होता, पण बाजारात चालला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने या फोनांची विक्री थांबवत असल्याचं सांगितलं आणि पुढच्या वर्षी हात काढून घेतला.

बंद कोड असता तर कथा इथे संपली असती. पण तो कोड खुला होता. कायओएस नावाच्या कंपनीने तो उचलला, स्पर्शाच्या पडद्याऐवजी बटणांसाठी घडवला, आणि २१ जुलै २०१७ रोजी रिलायन्सच्या सर्वसाधारण सभेत जिओफोन जाहीर झाला. परत मिळणारी १,५०० रुपयांची अनामत, २.४ इंचांचा पडदा, ५१२ एमबी रॅम, आणि आत फायरफॉक्स ओएसचा वंशज. पुढच्याच वर्षी भारतात आयफोनच्या आयओएसला मागे टाकून ही ऑपरेटिंग सिस्टीम अँड्रॉइडखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये तिच्यावर व्हॉट्सॲप आलं.

जिओचं मुख्य ठाणं घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमध्ये आहे, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी धरली की दिघागाव, ऐरोली, रबाळे आणि मग घणसोली. मोझिलाने सोडून दिलेल्या कोडला आपल्या या खाडीकाठी दुसरं आयुष्य मिळालं. कायओएस सगळीच्या सगळी खुली नाही. मोझिलाच्या परवान्याची अट एवढीच: आमच्या फाइली बदलल्यात तर त्या बदलांसह दाखवा, तुमच्या नव्या फाइली तुमच्याकडे ठेवा. पण गेको आली तिच्याबरोबर हार्फबझही आला. जिओफोनवर ठाकुर्लीचा रफार बसवणारा तोच, बेहदादचा कंपोझिटर.

मेलेल्या फोन ऑपरेटिंग सिस्टीम्सचे असे पुनर्जन्म आणखी आहेत. पामच्या फोनसाठी २००९ मध्ये आलेली वेबओएस फोनांत टिकली नाही, एचपीने तिचा बराच कोड खुला केला, आणि आज ती एलजीच्या टीव्हींत चालते. नोकिया आणि इंटेलने सोडलेल्या मीगोच्या वाटेने टायझेन आली. ती सॅमसंगच्या टीव्हींत आहे. कल्याण-डोंबिवलीतल्या दिवाणखान्यांत भिंतीवर लटकलेले किती टीव्ही मूळचे फोन आहेत!

आता तिसरा फोन, आयफोन. हा बंद किल्ला. इथे अक्षरं जुळवतो तो ॲपलचा स्वतःचा कोअर टेक्स्ट. काम उत्तम करतो, पण त्याचा कोड आपल्याला उघडून पाहता येत नाही. मग मी सुरुवातीला म्हटलं ते कोलमडलं का? नाही, कारण इथे दुसरी विद्या कामाला येते: एकच ॲप अनेक प्रणालींवर चालवण्याची.

हे स्वप्न जुनं आहे. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने जावा आणली ती याच वचनावर: एकदा लिहा, कुठेही चालवा. आपल्या मुंबई-ठाण्याच्या माणसाने ते वचन फार जवळून पाहिलं आहे. लोकलचं वेळापत्रक खिशात आणणारं सचिन टेके यांचं एम-इंडिकेटर अँड्रॉइडची लाट येण्याआधीच्या, जावा चालवणाऱ्या बटणांच्या फोनांपासून सोबतीला आहे. तेव्हाचे पडदे बोटभर, प्रत्येक फोनची तऱ्हा निराळी. तरी फलाटावर उभं राहून 'पुढची कर्जत किती वाजता' हे त्यावर कळायचं. आजच्या मुलांना त्यातलं थ्रिल कळणार नाही. कर्जतचा एस आणि कसाऱ्याचा एन ओळखण्याचं पारंपरिक ज्ञान प्रथमच खिशातल्या यंत्राला आलं होतं.

स्मार्टफोन आले आणि दोन राज्यं झाली. अँड्रॉइडसाठी एका भाषेत ॲप लिहा, आयफोनसाठी दुसऱ्या भाषेत तेच पुन्हा लिहा. ठाण्यातल्या तीन-चार जणांच्या कंपनीला हे परवडायचं कसं? यातून तीन वाटा निघाल्या.

पहिली, २००९ च्या फोनगॅपची, नंतर तिचंच कॉर्डोव्हा झालं: ॲपच्या आत ब्राउझर ठेवायचा आणि सगळं वेबपान म्हणून दाखवायचं. सोपं, पण अंमळ जड. दुसरी, २०१५ मध्ये फेसबुकने खुली केलेली रिॲक्ट नेटिव्ह. इथे प्रोग्रॅमर जावास्क्रिप्टमध्ये सांगतो, 'इथे एक बटण, इथे एक यादी', आणि अँड्रॉइडवर खरं अँड्रॉइडचं बटण उभं राहतं, आयफोनवर खरं आयफोनचं. म्हणजे अक्षरंही तिथली तिथेच जुळतात. एका ॲपला दोन कंपोझिटर. तिसरी वाट गूगलच्या फ्लटरची, तिची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ ची. तिची धिटाई मला अजूनही चकित करते. फ्लटर फोनकडून बटण मागत नाही, यादी मागत नाही, अक्षरसुद्धा मागत नाही. ते फोनकडे फक्त कोरा पडदा मागतं आणि त्यावरचा ठिपका न् ठिपका स्वतः रंगवतं. पडदा सेकंदाला निदान साठ वेळा ताजा होतो, म्हणजे एका चित्राला मिळतात जेमतेम १६ मिलिसेकंद. तेवढ्यात यादी किती सरकली ते मोजायचं, कुठला मजकूर दिसतो ते ठरवायचं, तो जुळवायचा आणि रंगवायचा. फ्लटरच्या डार्ट भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम आधीच थेट प्रोसेसरच्या सूचनांत उतरवलेला असतो, म्हणून हे जमतं.

आणि स्वतःच अक्षरं काढायची म्हणजे स्वतःचा कंपोझिटर बरोबर हवा. फ्लटरने तो कुठला घेतला? हार्फबझ! फ्लटरमध्ये बनलेलं ॲप आयफोनवर उतरतं तेव्हा त्याच्या पोटातून हा ओपन सोर्स अक्षरजुळारी ॲपलच्या किल्ल्यात शिरतो. खाली कोअर टेक्स्ट हजर असतो, पण या ॲपमधल्या ठाकुर्लीचा रफार तो बसवत नाही. बाकावरच्या तिन्ही फोनांवर, तीन वेगळ्या वाटांनी, एकाच खुल्या कोडने तो बसवलेला असू शकतो. मला हे कळलं तेव्हापासून स्टेशनचं नाव नुसतं वाचून मी पुढे जाऊच शकत नाही.

एवढं सगळं झालं तरी मराठीचं म्हणून जे खास आहे ते आपोआप मिळत नाही. कल्याणमधला ल पाहा. मराठीचा ल पाकळ्यांचा, हिंदीचा दंडाचा. श चंही तसंच: मराठीचा देठाचा. युनिकोडमध्ये दोन्ही ल ना एकच आकडा आहे, २३५४, आणि ते योग्यच आहे, कारण अक्षर एकच. फरक आकाराचा, म्हणून तो फाँटने सांभाळायचा. राज्य शासनाने २००९ च्या आणि पुन्हा नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात मराठी वळणाचीच अक्षरं वापरण्यास सांगितलं. चांगल्या खुल्या फाँटांत, उदाहरणार्थ गूगलच्या नोटो सान्स देवनागरीत, दोन्ही आकार बसवलेले असतात. फाँटमध्ये एक सारणी असते: मजकूर मराठी असेल तर ल च्या जागी हा आकार घे. पण मजकूर मराठी आहे हे कंपोझिटरला कोणीतरी सांगायला हवं. आकड्यांवरून त्याला ते कळत नाही. कल्याण हा शब्द हिंदीतही तसाच साठवतात. वेबपानावर भाषेचा एक शब्द लिहायचा, फ्लटरमध्ये मजकुराला लोकेल, म्हणजे भाषेची खूण, द्यायचं. एका ओळीचं काम, पण किती ॲप्समध्ये ते राहून जातं! फोनची भाषा इंग्रजी, ॲपमध्ये मराठी, सांगितलेलं कुणीच नाही, आणि मग आपल्या स्टेशनांची नावं परक्या वळणाने दिसतात. फाँटमध्ये आपला ल तयार असतो. त्याला कोणी हाक मारत नाही, एवढंच. ठाणे-डोंबिवलीत बसून मराठी माणसांसाठी ॲप लिहिणाऱ्यांनी तरी ही ओळ विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरी अडचण शब्द मोजण्याची. कल्याणमध्ये आपल्याला तीन अक्षरं दिसतात. जावास्क्रिप्ट आणि डार्ट दोघांनाही विचारलं तर सहा सांगतात. जागा कमी म्हणून कोणी तीन घटकांवर नाव कापलं तर पडद्यावर 'कल्' असं लंगडं काहीतरी उरतं. अक्षर कुठे संपतं याचे नियम युनिकोड स्वतंत्रपणे देतं, आणि जोडाक्षर सलग धरावं हा नियम त्यात २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. इतका अलीकडे! जुन्या फोनांत, जुन्या लायब्ररींत तो अजून पोचलेला नाही.

आणि तिसरी, मला सर्वांत जिव्हाळ्याची: 'दुसऱ्या वर्गाचा पास'. यातला 'ऱ्या' मराठीचा खास. हिंदीला तो लागत नाही. दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या, हे आपल्याला कान सांगतो. फोनमध्ये हा 'ऱ्य' दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक म्हणजे खास ऱ, २३५३, मग हलन्त, मग य. दुसरी जुनी तऱ्हा: साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडखूण, मग य. कंपोझिटर दोन्हींचा एकच आकार काढतो, डोळ्याला काहीही फरक दिसत नाही. पण शोधपेटीत एका तऱ्हेने टाइप केलं आणि यादीत दुसऱ्या तऱ्हेने असलं, तर उत्तर येतं: काहीही सापडलं नाही. 'ॲप' या शब्दाचंही तेच. ॲ ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये, त्याच वर्षी ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं आणि अँड्रॉइडचा कोड खुला झाला. त्याआधी लोक अ वर अर्धचंद्र देत, आणि आजही अनेक कीबोर्ड तसंच करतात. एरवी एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणी एक करण्याची सोय युनिकोडमध्ये आहे, पण या दोन जोड्यांना ती लागू होत नाही.

म्हणून ते ॲप लिहिणाऱ्यानेच करायचं. शोधपेटीतला मजकूर आणि यादीतली नावं ताडून पाहण्याआधी दोन बदल करायचे: र, हलन्त आणि जोडखूण असे ओळीने आले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त; अ आणि अर्धचंद्र आले की त्यांच्या जागी ॲ. मूळ यादीला हात लावावा लागत नाही. डार्टमध्ये लिहिले तर हे दोन नियम फ्लटरच्या ॲपमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतात. जावास्क्रिप्टमध्ये लिहिले तर रिॲक्ट नेटिव्हमध्येही चालतात आणि जिओफोनच्या गेकोतही.